शाळा बदलली तरी मुलाची नोंद राहिली पाहिजे



आडसाली लागण झाली की आपण पहिले काम कोणते करतो? गट ऑफिसात जाऊन नोंद घालतो. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, सगळे लिहून घेतो आणि शेतकी खात्याच्या माणसाने बरोबर लिहिले की नाही ते वाकून बघतोसुद्धा. कारण आपणास ठाऊक आहे की, ऊस कितीही जोमदार असला तरी त्याची नोंद नसेल तर तोड वेळेवर येत नाही. मग उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि दोष कोणाला द्यावा तेही कळत नाही.

परंतु हाच शेतकरी आपले पोर एका शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घालतो, तेव्हा मात्र फक्त दाखला घेऊन जातो. मूल जुन्या शाळेत वर्गात पहिले होते, गणितात त्याची गती मोठी होती, गुरुजी त्याला शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसवीत होते, यातली एकही गोष्ट नव्या शाळेच्या वहीत चढत नाही. मूल तेच, बुद्धी तीच; पण नोंद नाही. आजच्या धड्याचा विषय हाच आहे.

१. माझ्याच घरची गोष्ट

दुसऱ्याचे उदाहरण देण्यापेक्षा स्वतःची चूक सांगितलेली बरी. माझी नात आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीपर्यंत शिकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा दिली. जून २०२३ मध्ये तिला तालुक्याच्या गावी हायस्कुलात सहावीला घातली. आम्ही गेलो तेव्हा प्रवेश जवळपास उरकले होते. तुकड्या एप्रिलातच मागील गुण पाहून पाडलेल्या होत्या. जागा ‘ड’ तुकडीत होती, तिथे नाव घातले. मी म्हटले, तुकडी कोणती का असेना, शाळा चांगली आहे.

पंधरा-वीस दिवसांनी पोर गप्प गप्प राहू लागली. विचारले तर म्हणाली, “आबा, सर शिकवतात ते मला येतंय. गणितं पाच मिनिटांत होतात. मग तासभर मी काय करू?” पुढे पुढे शाळेला जायचेच तिच्या जिवावर येऊ लागले. जे पोर पहाटे उठून पाढे म्हणायचे, ते दप्तर भरायला कंटाळू लागले. तेव्हा मी जागा झालो.

जागा झालो आणि पहिली गोष्ट केली ती चुकीची केली. ओळखीच्या एका पुढाऱ्याची चिठ्ठी घेतली आणि तणतणत हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. हेडमास्तर भला माणूस होता. म्हणाला, “बसा आबा. चिठ्ठी राहू द्या खिशात. पोरीचं प्रगतिपुस्तक आणलंय का?”

मी म्हणालो, “दाखला दिलाय की.”

“दाखल्यावर अभ्यासातील प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, एवढंच असतं. ते सगळ्यांच्याच दाखल्यावर असतं. मला पोरगी कशी कळावी? आणि दुसरं, आमची अ तुकडी सेमी इंग्रजीची आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. तुमची नात मराठीतून शिकलीय. तिला उद्या तिथं बसवली आणि ती घाबरली तर?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी चिठ्ठी घेऊन गेलो होतो, पण कागद एकही नव्हता. हेडमास्तरांचे दोन्ही मुद्दे खरे होते. पोरीवर अन्याय होत होता हेही खरे होते. पण तो कोणी दुष्टपणाने केला नव्हता. नोंद नसल्यामुळे तो झाला होता.

२. नव्या शाळेला काय माहीत नसते

शाळेत एका वर्गात पन्नास-साठ मुले. वर्गशिक्षकाला पहिला महिना नावे पाठ करण्यातच जातो. तेव्हा नव्या मुलाबद्दल शाळेला पुढील गोष्टी आपोआप कळतील असे समजू नये.

एक, मुलाच्या वर्षभराच्या श्रेणी. आठवीपर्यंत अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी असतात. त्या प्रगतिपुस्तकात असतात, दाखल्यावर नसतात.

दोन, वर्णनात्मक नोंदी. ‘अपूर्णांकाची उदाहरणे स्वतः तयार करतो’, ‘अवांतर वाचन भरपूर’ असे गुरुजींनी लिहिलेले असते. श्रेणीपेक्षा या दोन ओळी पुष्कळदा जास्त बोलतात.

तीन, परीक्षेचा निकाल. शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था घेते. माझ्या नातीचा अंतिम निकाल लागला तेव्हा नवी शाळा सुरू होऊन महिना होत आला होता. तिने परीक्षा दिली ती जुन्या शाळेच्या नावावर. त्यामुळे निकालाचा आनंद वस्तीवरच्या शाळेत झाला आणि हायस्कुलास पत्ताच नाही!

३. कायदा काय देतो आणि काय देत नाही

भांडायला जाण्यापूर्वी आपला हक्क कुठवर आहे ते ठाऊक असावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम सन २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी, तो आहे. त्याचे कलम ५ प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे.

मुलास कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर सरकारी, जिल्हा परिषदेच्या वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा त्याला हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही वा लांबवता येत नाही. “आधी दाखला आणा, मग बघू” असे कोणी म्हणाले तर नम्रपणे कलम ५ चे नाव घ्यावे. तक्रार करावी लागली तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने ती तीन महिन्यांच्या आत निकालात काढावयाची असते.

आता कायदा काय देत नाही ते पाहू. अमुक मुलास अ तुकडीतच बसवा, असे कायदा म्हणत नाही. तुकड्या पाडणे, जादा तास लावणे ही मुख्याध्यापकांची व्यवस्था आहे. म्हणून प्रवेश हक्काने मागावा. पण तुकडी मागताना पुरावा द्यावा लागतो आणि गोडीने बोलावे लागते. मी नेमके उलटे केले होते.

४. कागदांची पिशवी

शाळा बदलावयाची ठरली की एक प्लॅस्टिकची पिशवी करावी. सातबारा जसा जपतो तशी ती जपावी. पिशवीत पुढील कागद असावेत.

(अ) मागील दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके, नोंदींच्या पानासह.
(आ) शिष्यवृत्ती, नवोदय किंवा दुसरी कोणतीही परीक्षा दिली असेल तर प्रवेशपत्र आणि निकालाची प्रत. बैठक क्रमांक वेगळा लिहून ठेवावा, कारण निकाल मागाहून लागतो.
(इ) जुन्या वर्गशिक्षकांचे चार ओळींचे पत्र. त्यात कौतुक नको, हकीकत हवी. ‘मुलगी हुशार आहे’ याने काही कळत नाही. ‘मुलगी लसावि-मसाविची शाब्दिक उदाहरणे न सांगता सोडविते, शिष्यवृत्तीचे दोन्ही विषय-संच वर्षभर पूर्ण केले’ याने कळते.
(ई) मुलाच्या गणिताच्या वहीची दोन-चार पाने किंवा त्याने लिहिलेला एखादा निबंध.
(उ) मुलाचा संगणकावरील विद्यार्थी क्रमांक. हल्ली मुलांची नावे शासनाच्या संगणक प्रणालीवर असतात. जुन्या शाळेने नाव मोकळे केले म्हणजे नवी शाळा ते आपल्याकडे घेते. ते झाले की नाही हे दोन्ही शाळांत विचारून घ्यावे.

दाखला काढायला जाल त्याच दिवशी हे सारे मागून घ्यावे. मेच्या सुटीत गुरुजी गावी गेले म्हणजे हात चोळीत बसावे लागते.

५. अर्ज कसा करावा

तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. अर्ज लेखी करावा, दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर शाळेचा पोचेचा शिक्का घ्यावा. मजकूर थोडका असावा. नमुना असा:

‘मा. मुख्याध्यापक यांस, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी इयत्ता सहावी, तुकडी ड मध्ये जूनपासून शिकत आहे. पूर्वीच्या शाळेतील तिची प्रगतिपुस्तके, शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल व वर्गशिक्षकांचे पत्र सोबत जोडले आहे. सध्याचा गणिताचा अभ्यास तिचा आधीच झालेला असल्याने तिचा वेळ रिकामा जातो. तरी तिची आपल्या पद्धतीने चाचणी घ्यावी आणि तिला झेपेल अशा तुकडीत किंवा शिष्यवृत्तीच्या जादा तासास बसण्याची परवानगी द्यावी. सहामाहीपर्यंत तिचे काम पाहून आपण जो निर्णय घ्याल तो आम्हांस मान्य राहील. कळावे.’

यात तीन गोष्टी आहेत त्या पाहा. पहिली, पुरावा जोडलेला आहे. दुसरी, एकच दार न मागता दोन दारे मागितली आहेत. तुकडी नाही तर निदान जादा तास. तिसरी, ‘चाचणी घ्या, काम पाहा’ असे म्हटल्याने मास्तरांचा मान राहतो आणि मुलाला आपली धमक दाखवायला वाव मिळतो. ‘फलाण्याचं पोर अ तुकडीत आहे, मग आमचं का नाही’ हे वाक्य अर्जात नको आणि तोंडीही नको.

क्रमही पाळावा. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. तिथे काम न झाले तर शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. त्याहीपुढे पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. पण दहातली नऊ कामे पहिल्या दोन पायऱ्यांवरच होतात.

माझ्या नातीचे काय झाले ते सांगतो. वस्तीवरच्या बाईंनी पत्र दिले. निकालात ती शिष्यवृत्तीधारक ठरली होती, त्याची प्रत जोडली. हेडमास्तरांनी तिला आठवड्यातून तीन दिवस जादा तासाला बसवले. तुकडी तीच ठेवली. म्हणाले, “सेमीचे शब्द दिवाळीपर्यंत पाठ करून घ्या, मग बघू.” माझ्या सुनेने भिंतीवर तक्ता लावला. अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लसावि म्हणजे एलसीएम, मसावि म्हणजे एचसीएफ. रोज दहा शब्द. भाकरी थापता थापता सून विचारायची आणि पोर उत्तर द्यायची. दिवाळीनंतर तिची चाचणी घेतली आणि तिला अ तुकडीत बसवली. पहिल्या चाचणीत तिला गुण कमी पडले. रडली. पण शाळा बुडवावी असे पुन्हा कधी म्हणाली नाही.

इथे एक सांगावेसे वाटते. तुकडीचे अक्षर हा पालकाच्या मिशीचा प्रश्न करू नये. मुलाला त्याच्या ताकदीचे काम मिळते का, एवढेच पाहावे. ते ‘ब’ मध्ये मिळत असेल तर ‘ब’ चांगली. मूल दमत असेल, जेवत नसेल, तर एक पायरी खाली येण्यातही कमीपणा नाही. आणि अर्ज करण्यापूर्वी मुलाला विचारावे. बसायचे त्याला आहे.

६. शाळा बदलण्यापूर्वी ही दारे पाहावीत

काही दारे अशी आहेत की शाळा बदलल्याने ती बंद होतात आणि मग अर्ज करून उघडत नाहीत.

नवोदय विद्यालय: ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी ही निवासी विद्यालये सन १९८५-८६ मध्ये सुरू झाली. पहिली दोन हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावतीला. सहावीला साधारण ८० मुले घेतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. परीक्षा पाचवीच्या वर्षात आणि ती एकदाच देता येते. आता अट पाहा. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या शाळेत झाली पाहिजेत. यांतला एक दिवस जरी शहरातल्या शाळेच्या पटावर गेला तरी मूल शहरी धरले जाते. शिवाय ज्या जिल्ह्याच्या विद्यालयासाठी अर्ज करावयाचा, त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असले पाहिजे. आमच्या शिवारातल्या एका सभासदाने चौथीला मुलगा मामाकडे शहरात ठेवला. “तिथं शिकवणी चांगली” म्हणून. पाचवीला परत आणला. मुलगा तयारीचा होता, पण ग्रामीण जागेतून बाद झाला. एका वर्षाच्या शिकवणीची ही किंमत. तरीही निराश होऊ नये. नववीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा वेगळी परीक्षा असते. तिच्यासाठी आठवी त्याच जिल्ह्यात शिकत असावे लागते.

एन.एम.एम.एस. शिष्यवृत्ती: ही केंद्राची योजना सन २००८ पासूनची. आठवीत परीक्षा, सातवीत ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट), पालकांचे सर्व मिळून वार्षिक उत्पन्न ३ लाख ५० हजारांच्या आत. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. पण मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत असले पाहिजे. आठवीनंतर विनाअनुदानित शाळेत घातले की ही रक्कम गेली. अनुदानित शाळेतून अनुदानित शाळेत गेल्यास ती टिकते. परंतु दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि नव्या शाळेने त्याची पडताळणी करावी लागते. म्हणून प्रवेश घेतानाच “आपली शाळा अनुदानित आहे का? हे वर्ग अनुदानित आहेत का?” असे दोन प्रश्न विचारावेत. शाळा एक असून काही तुकड्या विनाअनुदानित असतात.

राज्याची शिष्यवृत्ती: ही परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला झाली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. म्हणून आपल्या मुलाचे वर्ष कोणते ते शाळेत विचारून घ्यावे; शाळा बदलण्याच्या गडबडीत अर्जाची तारीख निघून जाऊ देऊ नये. रक्कम २०२३-२४ पासून पहिल्या स्तरास वर्षाला ५,००० आणि दुसऱ्या स्तरास ७,५०० रुपये झाली आहे. मुलाने ज्या शाळेतून परीक्षा दिली तिथे ‘मूल आता अमुक शाळेत आहे’ असे लेखी कळवावे आणि नव्या शाळेत बँक खात्याचा तपशील द्यावा. नाहीतर मूल एका शाळेत आणि पैसे दुसऱ्या शाळेच्या यादीत अडकलेले, असे होते.

७. आपल्या फडातली मुले

शेवटी एक गोष्ट. आपण वर्षातून काय, दहा वर्षांतून एकदा शाळा बदलतो आणि एवढी धावपळ होते. आपला ऊस तोडायला येणाऱ्या टोळीतली मुले दरवर्षी दोनदा शाळा बदलतात. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते आणि पट्टा पडल्यावर परत. त्यांतही गणितात चालणारी पोरे असतात. त्यांच्या गावच्या शाळेने स्थलांतर करताना शिक्षण हमी पत्रक द्यावयाचे असते. ते दाखवून इथल्या शाळेत बसता येते. ते नसले तरी कलम ५ त्यांनाही आहे. मुकादमाला विचारा, पोरांना जवळच्या शाळेत घेऊन जा, गुरुजींना सांगा की हे पोर कितवीत होते. परत जाताना इथल्या गुरुजींकडून चार ओळी लिहून द्या. आपल्याला यासाठी एक सकाळ खर्ची पडेल. त्या पोराचे वर्ष वाचेल.

८. उजळणी

१. शाळा बदलण्यापूर्वी: कोणते दार बंद होते ते पाहिले का? नवोदय, एन.एम.एम.एस., राज्याची शिष्यवृत्ती.
२. दाखला काढताना: प्रगतिपुस्तके, निकाल, गुरुजींचे पत्र, विद्यार्थी क्रमांक घेतले का?
३. पहिल्या पंधरवड्यात: वर्गशिक्षकांना भेटून पिशवी दाखविली का?
४. पहिल्या महिन्यात: मूल वर्गात रिकामे बसते की गोंधळते, ते त्याच्याच तोंडून ऐकले का?
५. गरज असल्यास: लेखी अर्ज, पोचेसह. चिठ्ठी नव्हे.
६. सहामाहीनंतर: पुन्हा एकदा शाळेत जाऊन विचारले का?

हे सहा प्रश्न कापून ठेवावेत. येत्या जूनमध्ये ज्यांचे पोर नव्या शाळेत जाणार आहे त्यांनी दाखला आणायला निघताना ते खिशात घालावेत.

— एक सभासद